पूर्णिमाच्या टेबलाची ओळ

आकारामने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि समोरच्या पडद्यावर आकडे आपोआप उमटत होते. मॅनेजर गणपतराव मागे येऊन उभे राहिलेले त्याला कळलेच नाही.

"हे टाइप कोण करतंय?"

आकाराम दचकून उठला. शिरोलीतल्या या फाउंड्रीत साच्याच्या पेटीखाली त्याची उजव्या हाताची तीन बोटे गेली, तेव्हा गणपतरावांनीच त्याला ऑफिसात बसवले होते. लॅबच्या यादीतले आकडे गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये भरायचे, एवढेच काम. पण दुपारनंतर हात सुजायचा. ते बघून शेजारच्या टेबलावरच्या पूर्णिमाने त्याला स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप करायच्या कामांची यादी, लिहायला शिकवले. साध्या नोटपॅडमध्ये ओळीखाली ओळ. ही खिडकी उघड. थांब. इथे क्लिक कर. आकडा टाक. परत पहिल्यापासून.

"ते 'थांब' विसरू नका, दादा," ती म्हणायची. "न्हायतर खिडकी उघडायच्या आत भलतीकडंच टाइप करत सुटतंय."

स्वतःच्या कामाला मात्र तिने ते कधी लावले नाही. घरात कमावणारी ती एकटीच होती.

"कुणी शिकवलं?" गणपतरावांनी विचारले.

"माझं मीच, साहेब."

"झ्याक! मग पूर्णिमाच्या टेबलाचंबी करून टाका सोमवारपर्यंत. एक माणूस कमी हुईल."

शेजारचा कीबोर्ड थांबला. पूर्णिमाने मान वर केली नाही.

"साहेब, मला तेवढं जमायचं न्हाय."

"न जमायला काय झालं? का परत भट्टीवर जातायसा?"

आकारामने उजवा हात खिशात घातला. शनिवारपर्यंत तो आणि पूर्णिमा एकमेकांशी बोलले नाहीत.

सोमवारी गणपतराव पूर्णिमाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. आकारामने स्क्रिप्ट सुरू केली, आणि एरवी पूर्णिमा हाताने भरायची ती गाडीत चढणाऱ्या मालाची पहिली चिठ्ठी क्षणात भरली. मग पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली आणि सगळे जागच्या जागी थांबले. 'चिठ्ठी तपासली का?' खाली एकच बटण.

"हे कशाला?"

"चुकीचा माल गेला तर गिऱ्हाईक परत पाठवतंय, साहेब. माणसानं बघूनच पुढं जायचं."

"दर चिठ्ठीला?"

"दर चिठ्ठीला."

"ही ओळ काढता येत न्हाय?"

"न्हाय, साहेब. सगळंच बंद पडतंय."

त्याला ओळ खोडायलाही शिकवलेल्या पूर्णिमाने त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. गणपतराव खुर्ची मागे सरकवून उठले. मग "बसा तुम्हीच," असे तिला म्हणून निघून गेले.

तिने बटण दाबले. चिठ्ठी भरली, चौकट उघडली. पुन्हा दाबले. संध्याकाळपर्यंत चारशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या.

निघताना ती त्याच्या टेबलापाशी थांबली.

"दादा, त्या चौकटीतलं वाक्य तरी बदला. दिवसभर तेच वाचून डोकं फिरायची पाळी आली."

"काय लिहू?"

तिने पर्स खांद्याला अडकवली.

"कायबी. कशी हाईस, एवढं विचारलं तरी चालंल."