दादाचा दगड

आमचा टॉर्क्विल एकदा नाही म्हणाला की डोंगर हलेल, पण तो हलायचा नाही. माझा सख्खा भाऊ, त्यामुळे हा आडमुठेपणा मी जन्मभर सोसत आले आहे. पण किल्ल्याच्या वेळी मात्र माझं डोकंच फिरलं.

डुनॅरिनच्या किल्ल्याचा दरवाजा तेवढा उभा होता. बाकी सगळं तीनशे वर्षांपूर्वी तळ्यापलीकडच्या मॅकस्कोर कुळाने जाळलं. आमच्या मॅकारिन कुळातली माणसं तेव्हा त्यांना खिंडीत अडवायला गेलेली. वाचले ते परत आले, तेव्हा भिंतींतून धूर निघत होता. आता सरकारी इंजिनियर बजावून गेला होता, हिवाळ्याआधी दरवाज्याची भिंत सावरा, नाहीतर आम्ही ती पाडून टाकू.

सावरायला आला कोण, तर हेक्टर मॅकस्कोर! पलीकडच्या काठावरचा गवंडी, मजुरी नको म्हणणारा.

"तीनशे वर्षं उशीर केलास," टॉर्क्विलने त्याला टोमणा मारला.

"काय करणार, पणजोबांनी थापी लपवून ठेवली होती," हेक्टर म्हणाला, आणि वाकून भिंतीच्या भेगेत बघू लागला. "मोठे दगड इथे गवतातच पडलेत. पण भिंतीचं पोट रिकामं झालंय. भरायला लहान, कोनेदार दगड हवेत. ओढ्यातले गोटे घसरतात." मग त्याची नजर दरवाज्यासमोरच्या दगडांच्या ढिगावर गेली. "हे चालतील."

"त्याला हात लावलास तर हात जागेवर राहणार नाही!" टॉर्क्विल काठी उगारून मधे उभा राहिला.

लढाईला निघताना आमच्यातला प्रत्येक जण तिथे एक दगड ठेवतो. परत आला की आपला दगड उचलून नेतो. उरतात ते न आलेल्यांचे. किल्ला जळाला तरी ही रीत मोडली नाही. आमच्या थोरल्या भावाने, रुअरीदादाने, मागच्या महायुद्धाला निघताना पांढऱ्या रेघेचा दगड ठेवला होता. त्याचं जहाज बुडालं, पुरायलासुद्धा काही मिळालं नाही. तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून येताना टॉर्क्विल त्या ढिगापाशी टोपी काढून उभा राहायचा.

"ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा," तो मला म्हणाला. "दादा येईल तेव्हा उचलेल."

"दादा येणार नाही, टॉर्क्विल."

तीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. माझ्याच तोंडून ते निघालं आणि मला रडू फुटलं. रडता रडता रागही येत होता.

"शेजारच्या इवनचे लढाईत दोन्ही हात गेले, तेव्हा त्याचा दगड कुणी उचलला? त्याच्या आईने. 'आला माझा पोरगा' म्हणाली आणि उचलला. तेव्हा नाही कुणी अडवलं तिला! अरे, ही माणसं निघाली ती हाच दरवाजा राखायला. दादाही इथूनच गेला. त्यांना दरवाज्यातच नेऊन बसवलं तर ती घरी आली की नाही? का भिंत पाडू देऊन उघड्यावरच ठेवायचंय त्यांना?"

तो पाठ फिरवून घराकडे निघाला. रात्री जेवायला बसला खरा, पण ओटची पेज निवून घट्ट झाली, ती तशीच टाकून उठला. मला वाटलं, झालं, मेलं आता सगळं.

सकाळी पाहते तर टॉर्क्विल ढिगापाशी टोपी काढून उभा. गावात कुठली गोष्ट लपते? कालचं आमचं भांडण सगळ्यांना कळलं होतं. एकेक घर येऊन त्याच्या मागे उभं राहिलं. हेक्टर बिचारा लांब घुटमळत होता.

"उभा काय राहिलास पाहुण्यासारखा?" टॉर्क्विल खेकसला. "चुना कालव!"

मग तो गुडघ्यांवर बसला. वरचे दगड हळूच बाजूला ठेवत त्याने पांढऱ्या रेघेचा दगड शोधून काढला, बाहीने पुसला आणि दोन्ही हातांत धरून दरवाज्याशी नेला. मी त्याच्या कोपराला आधार दिला. भिंतीच्या पोकळीत त्याने तो अलगद ठेवला.

"उशीर केलास, दादा," तो म्हणाला.

हेक्टरने त्यावर थापीभर चुना पसरला आणि पुढच्या दगडासाठी हात पुढे केला.