दुधाचा टोप मेणाचा झाला

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा टोप आहे. काठाला पोचा, बुडाला काळा डाग. हसू नका, मीही एके काळी चकचकीत होतो. कारखान्यात पत्र्याची गोल चकती साच्यावर दाबून मला घडवलं. दुकानात या घरातल्या आईने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "हाच द्या." तेव्हापासून घरचं दूध माझ्यात तापायचं. कधीमधी ते उतू जायचं, पण त्यात माझा काय दोष? लक्ष ठेवणारी माणसंच गप्पांत रंगली तर मी काय करणार!

एकदा आई फोनवर बोलत राहिली आणि दूध पार करपलं. घासून घासून सगळ्यांचे हात भरून आले, पण डाग काही जाईना. मग माझी रवानगी ओट्याखालच्या कपाटात झाली. कोणी ढुंकूनही बघेना. फार वाईट वाटलं हो.

मला बाहेर काढलं थोरल्या मुलीने. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला रंगीत मेणबत्ती करायची होती. तिचे बाबा वायरमन. ते म्हणाले, "वायरमनच्या घरात मेणबत्त्या? माझ्यावर एवढाही भरवसा नाही का गं?" आईने मात्र बजावलं, "एकदा मेण लागलं की हा टोप पुन्हा स्वयंपाकाला नाही." असा मी मेणाचा झालो.

थोरलीचं काम मोठं नेटकं. पातेल्यात पाणी, पाण्यात मी, माझ्यात जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे आणि रंगासाठी किसलेला मेणखडू. वितळलेलं मेण ती कागदी पेल्यात ओतायची. पेल्यावर आडवी पेन्सिल, पेन्सिलीला बांधलेली वात. एक थर बोटाला घट्ट लागला की मगच दुसरा. पिवळा झाला, हिरवा झाला, निळा झाला. बाईंनी तिच्यासाठी पुढच्या टेबलावर जागाही राखून ठेवली होती. घरभर तिने ते दहा वेळा सांगितलं.

लाल थर तेवढा राहिला होता. थोरली आंघोळीला गेली आणि धाकटीला मदतीची हुक्की आली. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून तिने पातेलं बाजूला सारलं आणि मला थेट आचेवर ठेवलं! मेणातून धूर निघू लागला. घाबरून तिने ते तसंच पेल्यात ओतलं. खालचे सगळे थर वितळले, पेला कलंडला आणि ओट्यावर तपकिरी चिखल पसरला.

थोरली आली. पाहिलं. म्हणाली, "माझ्या कुठल्याही वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही. आणि माझ्याशी बोलायचंही नाही."

प्रदर्शनात तिची जागा रिकामी राहिली. घरात एका खोलीत दोघी, पण शब्द नाही. धाकटी "ताई, ताई" करत मागे फिरायची, मग तीही गप्प झाली. मला कोणी पुसलं नाही. लाल मेण माझ्या अंगावर दगडासारखं घट्ट झालं. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

एका दुपारी धाकटीने मला ओढून घेतलं आणि चमच्याने खरवडू लागली. खर्र खर्र! मला ओरखडे पडत होते, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. थोरली दारातून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"अगं, भोक पाडशील त्याला! असं नाही करायचं."

धाकटीने चमचा खाली ठेवला. थोरलीने पातेल्यात पाणी तापवून मला त्यात ठेवलं. मेण सैल झालं. तिने जुन्या कागदाचा बोळा धाकटीच्या हातात दिला. "पूस. हळू, चटका बसेल."

"ताई, तू बोललीस!"

"टोपासाठी बोलले," थोरली म्हणाली, आणि तिलाच हसू आलं.

मग त्यांनी ओट्यावरून काढून ठेवलेला तो चिखलही माझ्यात वितळवला. एक जाडजूड तपकिरी मेणबत्ती झाली. आई म्हणाली, "हा कुठला रंग?" दोघी एकदम म्हणाल्या, "आमचा!"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की मोठ्यांच्या मदतीने आम्हाला ऊब आहे तोवरच पुसून ठेवा. थंड झाल्यावरही मेण निघतं, नाही असं नाही. पण खरवडलेले ओरखडे माझ्या अंगावर अजून आहेत.