एक्केचाळीस धोक्यांची फाइल

“तारीख मात्र जुनीच टाका,” साहेब म्हणाले. “तपासणी झाली होती त्या दिवसाची. बाकी मजकूर आहे तसाच.”

दुभाषीबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

“जुनी का?”

“कारण नोंद जुनीच आहे ना, बाई. आपण खोटं काहीच लिहीत नाही. पुसलं गेलेलं परत भरतोय, बस्स.”

साहेबांच्या शेजारी सल्लागार बसला होता. वय तीस-बत्तीस, कडक इस्त्रीचा शर्ट, समोर उघडा लॅपटॉप. कंपनीचं काम सुटसुटीत करायला त्याला चार महिन्यांपूर्वी बाहेरून आणलं होतं. आल्यापासून ज्याचं तोंड मिटत नव्हतं, तो आज छताकडे बघत बसला होता.

बाईंना दुभाषी हे नाव पडून एकोणीस वर्षं झाली होती. कंपनीचं काम इमारतींच्या लिफ्टची देखभाल करण्याचं. तपासनीस जागोजाग फिरून लिफ्ट बघत, हातातल्या यंत्रावर नोंदी करत आणि संध्याकाळी त्या नोंदींची एक्सएमएल, म्हणजे रकान्यारकान्यांची, फाइल ऑफिसात येई. ऑफिसात कंपनीचं ते अवाढव्य सॉफ्टवेअर. ग्राहक, सुटे भाग, कामगार, सगळ्यांचा संसार त्यात मांडलेला. त्याला त्या फाइलमधलं ओ की ठो कळत नसे. एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजेल असं करून देणारा प्रोग्राम बाईंनी लिहिला आणि पोटच्या पोरासारखा सांभाळला. रोज सकाळी त्यातूनच मेकॅनिकांची जॉबकार्डं छापून निघत. आज कुठली लिफ्ट, काय काम, आणि सगळ्यांत वर एक लाल चौकट, ‘धोका’.

त्या चौकटीचा एक नियम होता, आणि तो नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी समजावून सांगायचा हा बाईंचा शिरस्ता होता. तपासनिसाच्या फाइलमध्ये धोक्याचा रकाना मुळातच नसेल, तर त्याचा अर्थ असा की आज ते बघितलेलं नाही, आधीची नोंद राहू द्या. रकाना आहे पण आत काही लिहिलेलं नाही, तर अर्थ असा की बघितलं, धोका संपलाय, आधीची नोंद पुसा. शेजारणीकडून डबा रिकामा परत येणं वेगळं आणि डबा परतच न येणं वेगळं. इतकी साधी गोष्ट होती ती.

सल्लागाराला बाईंनी ती तीनदा सांगितली होती. दोनदा तोंडी, एकदा लेखी. “बाई, स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं हो,” असं म्हणून तो हसला होता. लेखी सांगितलेलं साहेबांनाही पाठवलं होतं. साहेबांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.

सल्लागाराच्या नव्या टूलला सगळ्या फाइली एका साच्यातल्या लागत. ज्या फाइलीत रकाना नसेल तिच्यात ते आपणहून घाली, रिकामा, म्हणजे ‘धोका संपला, पुसा’. सोमवारी ते सुरू झालं आणि बाईंच्या प्रोग्रामला सुट्टी मिळाली. बुधवार सकाळपर्यंत एक्केचाळीस लिफ्टचे धोके पुसले गेले. कुणाला पत्ता लागला नाही, कारण कोरी चौकट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला बारकू एका चार मजली इमारतीत लिफ्टच्या दाराचा रोलर बदलायला गेला. बावीस वर्षं कंपनीत मेकॅनिक, अंगाने काडी, म्हणून बारकू. त्या लिफ्टचा ब्रेक धरत नाही, वर चढू नये, असं तपासनिसाने महिन्यापूर्वी लिहून ठेवलं होतं. बारकूच्या कार्डावर त्यातलं अक्षरही आलं नाही. तो लिफ्टच्या टपावर चढला, लिफ्ट हातभर सरकली आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कार्ड खाली खड्ड्यातल्या तेलात पडलं, ते कुणाला मिळालं नाही.

त्या दुपारी बाईंनी यादी काढून स्वतः फोन फिरवले आणि उरलेल्या चाळीस ठिकाणची कामं थांबवली. साहेब तेव्हा वकिलाशी बोलत होते.

आता शुक्रवार होता. येत्या सोमवारी सरकारी चौकशी येणार होती.

“जुन्या तारखेने नोंद दिसली,” बाई म्हणाल्या, “तर चौकशीवाले काय म्हणतील?”

“ते काय म्हणतील ते म्हणतील.”

“मी सांगते काय म्हणतील. धोका लिहिलेला होता, मेकॅनिकनं वाचला नाही. नोकरीही जाईल त्याची आणि वर निष्काळजीपणाचा ठपका.”

“बाई, भावनेच्या भरात बोलू नका. लिहिलेला होता हे खरंच आहे ना? तपासनिसानं लिहिलेला होता की नाही?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खऱ्या मजकुरावर खोटी तारीख चिकटवायची आणि वर खरेपणाचा आव आणायचा! आणि हे काम त्यांच्याकडेच का आलं होतं, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. सल्लागाराच्या टूलला मागची तारीख घालता येत नव्हती. बाईंच्या प्रोग्रामला येत होती. लांबच्या गावांच्या फाइली कधीकधी चार-चार दिवस उशिरा पोचत, म्हणून फाइलमधली तारीख खरी मानायची अशी सोय त्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी करून ठेवली होती. सोमवारी अडगळीत टाकलेल्या बाईंची शुक्रवारी आठवण झाली होती ती एवढ्यासाठी.

“तीनपर्यंत करून टाका,” साहेब उठत म्हणाले. “सॉफ्टवेअरमधला तुमचा प्रवेश परत चालू करायला सांगितलाय मी. आणि तुमच्या निवृत्तीलाही फार दिवस राहिलेले नाहीत. सगळं नीट व्हावं अशीच माझी इच्छा आहे.”

बाई जागेवर आल्या तोवर घरून ह्यांचा फोन आलाच. सकाळी निघताना त्यांना थोडंफार सांगितलं होतं.

“काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“माझ्याकडून करून घेतायत.”

“मग कर की. तू कुठं तुझ्या मनानं करतेयस? दीड वर्ष राहिलंय तुझं, कशाला नसती उठाठेव?”

“माझं दीड वर्ष राहिलंय. त्याची बोटं नाही राहिली.”

“अगं, पण तू काय केलंस त्यात? तुझा काय दोष?”

“दोष नाही म्हणूनच तर चीड येतेय!” बाई एवढ्या जोरात बोलल्या की पलीकडच्या टेबलावरची टायपिस्ट दचकली. “तीनदा सांगितलं होतं हो मी. तीनदा. एकानं तरी ऐकायचं होतं.”

मग हे म्हणाले, “जेवलीस का?” बाईंनी फोन ठेवला. रागावर ह्यांच्याकडे हे एकच औषध होतं आणि त्याचा गुण एकोणतीस वर्षांत कधी आला नव्हता.

त्यांनी फाइल करायला घेतली. एक्केचाळीस लिफ्ट, एक्केचाळीस धोके. तपासनिसांच्या जुन्या फाइलींमधून एकेक शब्द उचलून आणला. दोराच्या तारा तुटलेल्या. दार उघडं असताना लिफ्ट चालते. खड्ड्यात पाणी. हे सगळं तीन दिवस कोरं होतं, आणि कुणाचं तरी नशीब म्हणून बाकीच्या ठिकाणी अजून कुणी चढलं नव्हतं. लिहिताना त्यांचा संताप वाढतच गेला. सुटसुटीत म्हणे! माणसाच्या जिवाची काळजी घेणारं जे होतं, तेच या लोकांना अडगळ वाटलं.

मग तारखेचा रकाना आला. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. आजची तारीख टाकली. वेळ टाकली, दोन वाजून चाळीस मिनिटं. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव, लग्नानंतरचं, वडिलांचं, सगळं. आणि प्रत्येक धोक्याच्या खाली एक ओळ. ‘ही नोंद सोमवार ते बुधवार या काळात नव्या टूलने पुसली होती. आज परत भरली.’

फाइल एकदा वाचली. कुठला रकाना सुटला नव्हता. मग ती सॉफ्टवेअरमध्ये सोडली. फाइलीतून आलेल्या बदलाची तिथे खूण राहत नसे, पण आत गेलेली नोंद नंतर कुणी हाताने बदलली, तर कुणी आणि कधी बदलली हे तिथेच उमटतं. साहेबांनाही ते चुकवता येणार नव्हतं. तो बंदोबस्तही बाईंनीच एके काळी भांडून करून घेतला होता.

तीनला पाच कमी असताना साहेब आले ते लालबुंद होऊन.

“हे काय केलंत तुम्ही? कळतंय का?”

“धोके परत भरले. चाळीस लिफ्टवर उद्यापासून कुणी आंधळेपणानं चढणार नाही.”

“मी तारीख कुठली सांगितली होती?”

“सांगितली होती. मी टाकली नाही.”

“बाई, एकोणीस वर्षं कंपनीचं मीठ खाल्लंत...”

“मीठ नाही, कष्टाचा पगार खाल्ला!” बाई उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होते, तरी ताठ उभ्या राहिल्या. “आणि एकोणीस वर्षं इकडचं तिकडे नेताना एका शब्दाची कधी गडबड केली नाही. तुम्हाला आता माझ्या हातून ती करून घ्यायचीय? तीही एका जखमी माणसाच्या गळ्यात अडकवायला? सोमवारी मला बोलवा चौकशीला. नाही बोलवलंत तर मी आपणहून येईन.”

साहेब दार आपटून गेले. सल्लागार मागे रेंगाळला. “बाई,” तो चाचरत म्हणाला, “मला खरंच कल्पना नव्हती.”

“होती. मी दिली होती,” बाई म्हणाल्या. त्याच्याकडे न बघता त्यांनी बारकूच्या लिफ्टची नोंद छापून घेतली, कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाहेर पडल्या. ती मंजूर होते की नाही हे बघायला त्या थांबल्या नाहीत.

दवाखान्यात बारकू भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये. बायको स्टुलावर बसून त्याला चहा पाजत होती. बाईंना बघताच तो उठायला धडपडला.

“बस रे, बस. कसं आहे?”

“बरं आहे, ताई,” तो म्हणाला. “काल ऑफिसातून माणूस आला होता. म्हणाला, कार्डावर लिहिलेलं होतं, तुम्हीच वाचलं नाही. मी म्हटलं, असं नाही व्हायचं. पण आता मलाच आठवेना बघा. डोळे मिटले की कार्ड दिसतं. कधी त्यावर लिहिलेलं दिसतं, कधी नाही दिसत. असेल लिहिलेलं. घाईत असेन मी.”

“रात्रभर हेच चाललंय,” बायको म्हणाली. “झोप नाही की काही नाही.”

बाईंना वाटलं, आत्ता साहेब समोर असते तर आपण काय केलं असतं सांगता येत नाही. बोटं घेतलीत ती घेतलीत. या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही काढून घ्यायला निघालात? त्यांनी पर्समधून कागद काढून पुढे केला.

बारकूने सवयीने उजवा हात पुढे केला. पांढरं बँडेज कागदापाशी येऊन थांबलं. बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

तो ओठ हलवत वाचत राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत गेला, परत वर आला, पुन्हा खाली गेला.

“म्हणजे त्या दिवशी कोरं होतं?”

“कोरं होतं. तू वाचलंस. तिथं काहीच नव्हतं.”

बारकू बायकोला म्हणाला, “पोरीला फोन लाव. काल तिला सांगितलंय मी, बापाचीच चूक झाली म्हणून.”

बायको डोळे पुसत फोन घेऊन बाहेर गेली. बारकूने कागद पुन्हा मागितला. बाईंनी तो त्याच्या डाव्या हातात दिला, आणि त्याला नीट धरता येईपर्यंत दुसरं टोक सोडलं नाही.