अर्ध्या खाचराची राख

त्र्यंबकच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी भागीबाईचं खाचर. दिवाळीनंतर घरात जो भात शिजायचा, तो या एवढ्याच तुकड्याचा. पण पाखडाचाही जीव तिथंच. हे गवत कोवळेपणी भाताची जुळी बहीणच दिसतं. निंदताना एकेका रोपाच्या कुशीत डोकावून ओळखावं लागतं. आषाढात वाकलेली भागीबाईची कंबर दसऱ्याला सरळ व्हायची.

त्या साली पंचवटीची तृप्ती आली. शेतीसंशोधनाच्या कामावर होती. तिच्या डब्यात करडं पाणी होतं, त्यात तांदळाच्या कण्यांवर वाढवलेली बुरशी कालवलेली. ती पाखडाला मारते, भाताला शिवत नाही, असं तिचं म्हणणं. शेजारची रंगूबाई बांधावरूनच बोलली, लोक रोगाला औषध आणतात, भागीनं रोगच पाहुणा बोलावला.

भागीबाई हसली, पण ते बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं. तृप्तीला शब्द तर देऊन बसली होती. तृप्तीनं खाचरातलं पाणी उतरवलं, उन्हं कलल्यावर फवारलं, पानं रात्रभर ओली राहिली की बुरशी धरेल असं सांगितलं आणि गाडी पकडून गेली.

अंधार पडतापडताच भागीबाईला राहवेना. पिकाला काही झालं की चुलीची राख उधळायची, हे तिला सासूनं, नवसाबाईनं शिकवलेलं. सुपात राख घेऊन ती खाचरात उतरली नि आईनं लेकराला पावडर लावावी तशी भातावर उधळत गेली. मधोमध आली तर सूप रिकामं. चूल एकच, राख तरी किती पुरणार?

पुढच्या आठवड्यात तृप्ती आली आणि बांधावरच थबकली. ओढ्याकडच्या अर्ध्यात पाखड तपकिरी पडून माना टाकत होतं. घराकडच्या अर्ध्यात तेच पाखड मजेत डुलत होतं. फवारा तर सगळीकडे सारखाच. डबा झाकून ती बांधावर बसली. पाहणीला येणाऱ्या साहेबांना काय दाखवू, म्हणाली.

तिचा चेहरा बघून भागीबाईनं पदर तोंडाला लावला. "ताई, राख मी टाकली. मला भाताची भीती वाटली."

"कुठपर्यंत, मावशी?"

"सूप सरलं तितपर."

तृप्ती उठली. वाळल्या पाखडाच्या मधोमध उभं असलेलं भाताचं रोप तिनं अलगद वाकवून भागीबाईपुढं धरलं. पान उलटलं, पालटलं. एक ठिपका नाही. भागीबाईनं शेजारचं रोप पाहिलं, त्याच्या शेजारचं पाहिलं, मग चिखलात पाय ओढत पार ओढ्यापर्यंत जाऊन आली.

"नाय शिवली," ती म्हणाली.

"राखेनं बुरशी मेली, मावशी. तुम्ही भात राखायला गेलात नि पाखड वाचवलंत." तृप्तीला हसू आवरेना. साहेबांना तर आता दोन्ही अर्धी, बुरशी धरलेलं नि न धरलेलं, शेजारीशेजारी दाखवता येणार होती.

तेवढ्यात बांधावरून नवसाबाईनं सूर लावला:

गवताच्या अंगी ठिपका तपकिरी
सूनबाई माझी राखेनं निवारी

रंगूबाईसुद्धा खुदकन हसली.

साहेब पाहून गेले. त्या संध्याकाळी तृप्तीनं उरलेलं अर्धं फवारलं. भागीबाईनं चुलीतली सगळी राख भांडी घासायला सासूपुढं ठेवली आणि सूप उंच आढ्याला टांगलं.