सगळ्यांचं झाल्यावर

वृद्धाश्रमाच्या आजारी विभागात तिला सगळे ग्रॅमबाई म्हणत. 'आहारतज्ज्ञ' हा शब्द जिभेला जड, आणि बाई तर वाटीभर सूपसुद्धा काट्यावर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. तिला त्या नावाचं वाईट वाटत नव्हतं. काम चोख येणाऱ्याने चिडवण्याला भिऊ नये, असं तिचं मत होतं, आणि काम तिला चोख येत होतं.

फक्त खिडकीजवळच्या काकांपुढे तिची मात्रा चालेना.

काकांना झटका येऊन गेला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, काठी धरून चार पावलं टाकत, पण वाचा गेली ती गेलीच. दूध घेत, पाणी घेत. ताट पुढे आलं की मात्र हात मांडीवर ठेवून गप्प बसत. बघता बघता माणूस काडीसारखा झाला. आज सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी सांगून टाकलं, "दुपारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालायची."

"ज्याला गिळता येतं त्याला नळी?" ग्रॅमबाईने विचारलं.

"खात नाहीत ना! मी काय आरती ओवाळू?"

"दुपारी खातील."

"कशावरून?"

"कारणाशिवाय कुणी उपाशी राहत नाही. कारण सापडलं की खातील."

डॉक्टर हसले, पण थांबायला कबूल झाले.

स्वयंपाकघरात मावशी पातेली घासत होत्या. इथला सगळा स्वयंपाक त्यांच्या हातचा. "कारण कसलं आलंय? नखरे!" त्या म्हणाल्या. "मऊ करून झालं, घट्ट करून झालं, गोड, आंबट, ऊन, गार. माझी भांडी संपली, तुमचे प्रयोग संपेनात."

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, मावशी. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही."

"फरक पडला तर ना!"

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. इतके दिवस तिने जे जे बदललं ते सगळं ताटातलंच होतं. नाश्त्याच्या वेळी तिने ताटाकडे पाठ केली आणि भिंतीला टेकून नुसती काकांकडे बघत उभी राहिली.

इथला नियम होता, सगळ्यात अशक्त माणसाचं ताट सगळ्यात आधी. म्हणून पहिलं ताट काकांचं. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते बघत होते दुसऱ्यांची ताटं. एकेका खाटेशी ताट पोचलं की त्यांचं बोट मांडीवर एकदा टेकायचं. कोपऱ्यातल्या आजोबांचं ताट यायला उशीर झाला, तर काकांनी आपलंच उचलून तिकडे सरकवायला सुरुवात केली. सगळ्यांचं वाढून झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. दारामागे मावशी आणि दोन परिचारिका हातातलं काम उरकत होत्या. त्या जेवत ते मागाहून, आत, जमेल तसं.

ग्रॅमबाईने काकांच्या पुतण्याला फोन लावला.

"काका बोटीवर होते म्हणालात. काय काम करायचे?"

"इंजिनात होते."

"खरं सांगा."

पुतण्या जरा घुटमळला. "भटारखान्यात. आचारी. आम्ही बाहेर इंजिनात सांगतो, बरं दिसतं."

"आणि घरी जेवायला कधी बसायचे?"

"बसायचे कुठे! अहो, काकू वैतागायची. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत, आणि तोसुद्धा उभ्याने, पातेल्याशी. बोटीवरची खोड."

"हे आधी नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, काय आवडतं. मी म्हटलं, सगळंच आवडतं."

तिने फोन ठेवला तेव्हा तिला हसू येत होतं. आपण सगळे मिळून एका आचाऱ्याला रोज पहिल्या पंगतीला बसवत होतो, तेही गाजावाजा करून! गाव सुटतं, समुद्र सुटतो, शेवटी शब्दही सुटतात, पण कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर जेवायचं हे माणसाच्या अंगात असं मुरतं की तोच तो माणूस होऊन बसतो. पौष्टिकतेच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. नसू दे. तिला आता उत्तर माहीत होतं.

दुपारी काकांचं ताट न वाढता बाकी सगळ्या खाटांवरची जेवणं आधी उरकली, आणि मग तिने सुपाचं पातेलं चाकांच्या टेबलावर ठेवून खोलीच्या मधोमध आणलं.

"बसा मावशी."

"इथे? पेशंटांसमोर? लाज आहे का?"

"तुम्ही जेवला नाहीत तर ते जेवणार नाहीत."

"म्हणजे माझ्या पोटावर त्यांचं पोट!" मावशी कुरकुरत बसल्या. परिचारिका बसल्या. झाडूवाली ताई हात धुऊन आली. ग्रॅमबाईने स्वतःची वाटी भरली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वजन न करता.

काका एकेकाकडे बघत होते. बोट टेकत होतं. मावशींनी पाव संपवून वाटी उपडी घातली, तसे काका काठीला धरून उठले. कुणी हात दिला नाही, ग्रॅमबाईने डोळ्यांनीच सगळ्यांना अडवलं. ते पातेल्याशी आले. पळी घेतली, सूप तळापासून ढवळलं, फुंकर मारली आणि पळी ओठांना लावली.

एक घोट. मग दुसरा. मावशींनी पदर तोंडाशी धरला. "पळी उष्टी केली हो," त्या पुटपुटल्या, पण आवाज ओला झाला होता.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर आत आले, मागे नळीचा ट्रे घेऊन परिचारक. समोरचं दृश्य बघून दोघे जागीच थबकले.

काकांची पळी हवेतच थांबली. त्यांनी डॉक्टरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि बोट मांडीवर टेकण्याऐवजी पळी सावकाश पातेल्यात परत ठेवली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "थांबले का?"

"तुम्ही जेवलात?" ग्रॅमबाई म्हणाली.

"अजून वेळ कुठे मिळालाय?"

मावशी ताडकन उठल्या, डॉक्टरांच्या हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि एक वाटी पुढ्यात आदळली. "तो ट्रे ठेवा तिकडे. आणि पटापट आवरा, साहेब. ते खोळंबलेत."