खिशात शिवलेलं भाषण

तुम्ही मला ओळखलं नसेल, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची कंबर मला तोंडपाठ आहे. मी मापाची टेप बोलतेय. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पितळी पट्टी, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. सेंटिमीटरच्या बाजूकडे आमच्या मास्तरांनी एकवीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही, त्यामुळे ती बाजू अजून नव्यासारखी आहे. इंचांच्या बाजूचे पहिले सहा आकडे मात्र त्यांच्या अंगठ्याखाली पार पुसून गेलेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या पट्टीवर मेण चढलं, काळे आकडे उमटले आणि मी झाले. त्याच दिवशी माझ्या आणखी चारशे बहिणी जन्मल्या. कुणी शाळेत गेली, कुणी सुताराच्या डब्यात पडली, एक तर म्हणे वजन कमी करून देणाऱ्या बाईंच्या दवाखान्यात लागली. रोज इतकं खोटं ऐकून तिचं काय होत असेल, देव जाणे.

मी पडले मास्तरांच्या गळ्यात. मास्तर म्हणजे शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा आणि एका डब्यात हजारभर बटणं. त्या डब्यात हात घालून बसणारी पाच वर्षांची लेक मी पहिल्याच दिवशी पाहिली. तिचं खरं नाव मला बऱ्याच उशिरा कळलं, कारण घरात तिला सगळे बटणच म्हणायचे.

एकवीस वर्षं मी माणसं जवळून पाहिली. फारच जवळून. मी पोटाभोवती गेले की भलेभले श्वास आत ओढतात. "साहेब, श्वास सोडा," असं मास्तर म्हणतात, आणि साहेब म्हणतात, "सोडलाय की." बायका पोट सोडतात पण दंड आवळतात. पोरं छाती फुगवतात. मास्तर यातलं काहीही मनावर घेत नाहीत. आकडा ते तोंडाने कधीच उच्चारत नाहीत, गुपचूप वहीत लिहितात आणि दीड इंच आपल्या मनाने वाढवतात. दुसऱ्याच्या देहाचा आकडा मोठ्याने सांगू नये, हा त्यांचा नियम. त्यामुळे गिऱ्हाइकं खूश आणि मास्तर मुके. नियम आकड्यांपुरता होता, पण हळूहळू तो बाकीच्या गोष्टींनाही लागू झाला.

आता खरी भानगड सांगते.

गेल्या वर्षी मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर सुईला हात लावायचा नाही. मास्तरांनी नवव्या दिवशी लावला. झालं असं, की एका कोटाला उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे बसली. गिऱ्हाईक भला माणूस, हसून म्हणाला, "मास्तर, मी पाठमोरा चालत जाईन." बाह्या उसवून नीट बसवून दिल्या, विषय संपला. पण मास्तर आठ दिवस धड जेवले नाहीत. ताटात भाजी वाढली की हे आपले उजव्या हाताकडे बघत बसायचे.

आणि समारंभाला दोन महिने असताना बटण एक खोका घेऊन घरी आली. लग्न ठरलेलं, स्वागतसमारंभाला घालायचा लांब रेशमी झगा त्या खोक्यात. तयार आणलेला, बाजारातला. "बाबा, बघा ना कसा आहे," ती म्हणाली. मास्तरांनी बघितलं, "बरं आहे," म्हणाले आणि मशीन चालू केली. ज्या पोरीच्या अंगाला बाहेरचा कपडा कधी लागला नव्हता, तिने लग्नाचाच कपडा बाहेरून आणला होता. त्या दिवसापासून मास्तर लेकीशी दोनच शब्द बोलायला लागले. एक "हो" आणि दुसरा "बरं".

तिने तसं का केलं, हे मला ठाऊक होतं. मास्तर आंघोळीला गेले होते, मी खुंटीवर होते आणि मायलेकी माझ्यासमोरच कुजबुजल्या होत्या. पण मला कोण विचारतो? मी आपली लोंबकळत राहिले.

शेवटी बटणने डोकं लढवलं. "समारंभात बाबा भाषण करणार," असं तिने परस्पर जाहीर केलं. चारचौघांत तरी बापाला तोंड उघडावंच लागेल, हा तिचा हिशोब. समारंभानंतर दोन दिवसांनी ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात जाणार होती. त्याआधी बाबांनी एकदा नीट बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

मास्तरांनी पाच दिवस भाषण लिहिलं. मी गळ्यातून वाकून सगळं वाचलं, लाज कसली त्यात. सात ओळींचं भाषण होतं. वेळात वेळ काढून आल्याबद्दल आभार. व्याह्यांचे आभार. जेवण करणाऱ्यांचे आभार. ध्वनिव्यवस्थेचे आभार, तेही दोनदा. लेकीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

समारंभाच्या दुपारी मास्तरांनी स्वतःचा नवा कोट शेवटच्या इस्त्रीसाठी काढला. भाषणाचा कागद हरवू नये म्हणून आतल्या खिशात नीट ठेवला. आणि मग त्यांच्या हातांनी, सवयीने, जे प्रत्येक नव्या कोटाला करतात तेच केलं. इस्त्रीत खिशाची तोंडं फाकू नयेत म्हणून सगळ्या खिशांना कच्चे टाके घातले, दुहेरी दोऱ्याने. डोकं कुठेतरी भलतीकडेच होतं. मी सगळं पाहत होते. मला ओरडता आलं असतं तरी मी ओरडले नसते, हे आज कबूल करते. ते भाषण त्याच लायकीचं होतं.

समारंभाच्या हॉलमध्ये मी होतेच. मास्तरांच्या बायकोने मला सकाळपासून तीनदा त्यांच्या गळ्यातून काढलं. "अहो, आज तरी," म्हणाल्या. पण मी नसले की मास्तरांना उघडंबोडकं वाटतं. चौथ्यांदा मास्तरांनी मला कॉलरच्या आत घातलं आणि वरून कोटाची बटणं लावली.

आधी व्याही बोलले. व्याही निवृत्त मुख्याध्यापक, माईक दिसला की त्यांना हुरूप येतो. पंचवीस मिनिटं बोलले. मग मास्तरांना माईक देताना त्यांनी बजावलं, "तोंडाजवळ धरा हं, नाहीतर मागे ऐकू येत नाही." मास्तरांनी माईक हनुवटीला चिकटवला आणि दुसरा हात खिशाकडे नेला.

खिसा उघडेना. त्यांनी बोट घातलं, नख लावलं, हिसका दिला. दोरा दुहेरी. माझ्याखाली त्यांची छाती धडधडायला लागली, मला सगळे ठोके लागत होते. समोर दोनशे माणसं बघत बसलेली.

"खिसा शिवला गेलाय," मास्तर माईकमध्ये म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "कुणाकडे कात्री आहे का?"

हॉल खो खो हसला. शिंप्यालाच कात्री हवी म्हटल्यावर हसणारच. नवरीही हसली आणि खुर्चीवरून उठली. "थांबा बाबा, मी तोडते." तिने वाकून खिशाचा दोरा दातात धरला. लहानपणापासूनची खोड, दुकानातले निम्मे दोरे तिनेच दातांनी तोडलेत. तिचा खांदा मास्तरांच्या नाकासमोर आला आणि मास्तर भाषण, माणसं, माईक, सगळं विसरले.

"खांदा उतरलाय," ते म्हणाले. माईक हनुवटीलाच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"माहितीये."

"अर्धा इंच उतरलाय."

"बाबा, माहितीये. तयार कपडा आहे, उतरणारच."

"मग मला दिला का नाहीस नीट करायला?"

बटणने दोरा सोडला आणि ताठ उभी राहिली. "कशी देणार? दोन महिने मी काहीही विचारलं की तुम्ही 'बरं' म्हणताय."

पहिल्या रांगेतून मास्तरांच्या बायकोने माईककडे बोट दाखवून खुणा करायला सुरुवात केली. मास्तरांना वाटलं कोट चुरगळलाय म्हणतेय. त्यांनी कोट सारखा केला.

"मला वाटलं," मास्तर म्हणाले, "तुझ्या ऑफिसातली मोठी माणसं येणार. बापाच्या हातचं घालायला तुला कमीपणा वाटला."

मला तर कुठे बघावं कळेना.

"कमीपणा?" बटणचा आवाज चिरकला. "त्या बाह्या आठवतात का तुम्हाला? परक्या माणसाच्या कोटाच्या बाह्या चुकल्या तर तुम्ही आठ दिवस जेवला नाहीत. माझ्या झग्याला एक टाका वाकडा गेला असता तर काय केलं असतंत? जन्मभर लग्नाच्या फोटोत त्या टाक्याकडेच बघत बसला असतात. माझ्याकडे बघितलंच नसतं. म्हणून नाही दिला."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"आई म्हणाली नको सांगू. डोळ्यांचा विषय काढला की बाबांना लागतं म्हणाली."

दोनशे माना पहिल्या रांगेकडे वळल्या. मास्तरांच्या बायकोने खुणा थांबवल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. बराच वेळ शोधत होत्या.

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. असा श्वास मी गिऱ्हाइकांचा कधी पाहिला नव्हता. माईक त्यांनी व्याह्यांच्या हातात दिला, "जरा धरा," म्हणाले आणि मला कॉलरमधून ओढून बाहेर काढलं. भर व्यासपीठावर, इतक्या लोकांसमोर, मी माझ्या बटणच्या खांद्यावर टेकले. तिचे खांदे थरथरत होते, त्यामुळे माप दोनदा घ्यावं लागलं. मला रडू आलं असतं, पण भिजले की मी आकसते, म्हणून आवरलं.

कोटाच्या कॉलरमागे मास्तर नेहमी सुईदोरा टोचून ठेवतात. तो निघाला. मला तिच्या गळ्यात टाकून त्यांनी खांद्याची शिवण चिमटीत धरली आणि पहिला टाका घातला. आणि काय सांगू, हात चालायला लागले तसं तोंडही चालायला लागलं. व्याही सवयीने माईक त्यांच्या तोंडाशी धरून उभे. मध्येच त्यांनी तो स्वतःकडे वळवू पाहिला तर मास्तर म्हणाले, "हलू नका." गिऱ्हाइकांना म्हणतात तसंच म्हणाले, आणि मुख्याध्यापक होते तिथे थिजले.

"ही सात वर्षांची असताना," मास्तर शिवणीकडे बघत सांगत होते, "फ्रॉकचं माप घेताना टाचा उचलायची. मला दिसायचं. मी काही बोलायचो नाही, फ्रॉक तेवढाच लांब शिवायचो. मग तो पायात यायचा, ही पडायची, गुडघे फोडून घ्यायची. म्हणायची, बाबा, आखूड करू नका, मी मोठी होणार आहे. तीन फ्रॉक तसे शिवले. हिची आई मला बोल बोल बोलली. मी म्हटलं, पोरीला मोठं व्हायचंय तर मी कोण कापड कापणार." दोरा ओढून ते पुढे म्हणाले, "झाली आता मोठी. मला फार आवडते ही. सांगायचं राहिलं होतं."

बटण रडत होती आणि हलायची सोय नव्हती, सुई खांद्यात होती.

"जावईबापू," मास्तर न बघताच म्हणाले, "हिला काही महत्त्वाचं विचारायचं असेल तर आधी हातात काम द्या. आमच्या घरात रिकाम्या हाताने कुणाला बोलता येत नाही. आणि मापाच्या बाबतीत माणसांवर विश्वास ठेवू नका. तुमच्या वडिलांनी सूट शिवताना कंबर अडतीस सांगितली. त्रेचाळीस निघाली."

एकवीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांनी दुसऱ्याच्या देहाचा आकडा मोठ्याने सांगितला होता. हॉल नुसता कोसळला. व्याही लालबुंद, पण हलू नका म्हटलेलं, त्यामुळे माईक जागच्या जागी. बिचाऱ्यांनी तेव्हाही श्वास आत ओढला होता, मी पाहिलं. मास्तरांनी गाठ मारली, दोरा तोडला आणि म्हणाले, "हात वर कर बघू." बटणने हात वर केला. खांदा चोख बसला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मास्तर जागेवर जाऊन बसले. ध्वनिव्यवस्थेचे आभार मानायचे राहून गेले.

या गडबडीत मी बटणच्या गळ्यातच राहिले आणि दोन दिवसांनी तिच्या बॅगेतून या शहरात आले. आता मी तिच्या कपाटाच्या खणात असते. मास्तरांनी तिकडे नवी टेप आणलीय म्हणे, पिवळी. असेना. तिला पुसायला एकवीस वर्षं लागतील.

इथे घराला चार खिडक्या आहेत आणि बटण त्यांचे पडदे शिवतेय. संध्याकाळी ऑफिसातून आली की मला खिडकीला लावते आणि बापाला फोन करते. "बाबा, खाली दुमडायला किती सोडू?" तिला चांगलं माहीत असतं किती सोडायचं, शिंप्याची पोर आहे. मास्तरांनाही माहीत असतं की तिला माहीत आहे. तरी ते म्हणतात, "थांब, नीट समजावून सांगतो," आणि पाऊण तास सांगतात. त्यात पडद्याच्या गोष्टी जेमतेम पाच मिनिटं. बाकी आज कोण आलं, कुणाचं पोट सुटलं, आईने काय ऐकवलं, डोळ्यांत थेंब घातले की नाही. एक दिवस तर म्हणाले, "सुई ओवायला आता त्रास होतो गं." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा.

दोन महिने झाले तरी एक खिडकी पडद्याशिवाय आहे. जावईबापूंच्या तोंडावर सकाळी ऊन येतं, ते कुरकुरतात. काल चौथा पडदा शिवून झाला. मी म्हटलं, संपलं आता. बटण त्याच्याकडे बघत बसली, मग उठून तिने पहिल्या खिडकीचा पडदा काढला. अगदी सरळ शिवलेला, नावं ठेवायला जागा नाही असा. मांडीवर घेऊन तिने त्याची दुमड टाका टाका करत उसवली आणि फोन लावला. "बाबा," म्हणाली, "तो पहिला पडदा बिघडला हो."

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. कधी तिच्या घरी गेलात आणि एखादी खिडकी उघडी दिसली, तर पडदा का नाही म्हणून विचारू नका. ऊन लागलं तर खुर्ची थोडी सरकवून बसा.