उंबरडोहची गाडी

"गाडी फलाटावर उभी नसली तं मी पुकारा करत नाई, म्याडम." घनश्यामनं माइक अर्पिताच्या हातात परत दिला. "तीस वर्षं नाई केला. आता कायले करू?"

"काका, संगीतिका आहे ही. गाडी खोटीच."

"मंग गाणाऱ्यायले सांगा. थे खोटंबी सुरात बोलतात."

घनश्याम वणी बसस्थानकाचा निवृत्त कंट्रोलर. त्याच्या आवाजाबद्दल मी सांगतो त्यातलं निम्मंच खरं धरा. पुसदला निघालेला एक नवरदेव त्याच्या पुकाऱ्याच्या भरात चंद्रपूरच्या गाडीत चढला आणि तिकडेच संसाराला लागला. पण हे पुरतं खरं: खुल्या कोळसा खाणीनं उंबरडोह गिळलं, नदीचा डोह बुजवला, तेव्हा 'उंबरडोह गाडी रद्द' हे त्यालाच पुकारावं लागलं. ते त्याचंच गाव. नंतर ते नाव त्यानं तोंडातून काढलं नाही.

संगीतिका बसवणाऱ्या अर्पितानं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडात खाणीची माती पसरली होती. तीत तोडलेल्या मोहाच्या झाडांची खोडं रोवलेली, मधोमध एसटीचं बाकडं. पोरी गाणार आणि प्रत्येक कडव्यानंतर खाणीत गेलेल्या एका गावाचा पुकारा.

"नकाशावरून तर गेलंच, काका. तुमच्या तोंडातूनही गेलं, तर उरलं कुठं?"

 घनश्यामनं माइक घेतला.

प्रयोगात पाच गावं खणखणीत गेली. सहाव्याला तो अडला. पोरींनी तेच कडवं तीनदा गायलं:

कुठं उतरावं पाण्यानं,
उतार नेला कोणी?

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," शेवटी आवाज आला. "वणी-उंबरडोह गाडी फलाट क्रमांक तीनवर... उभी आहे."

एरवी सांगताना मी इथं पन्नास बाया उठवल्या असत्या. उठली एकटी विमलताई, त्याची थोरली बहीण. पिशवी काखोटीला मारून ती माती तुडवत गेली आणि बाकड्यावर बसली. नाटकातलंच समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"घनश्या, डायवर कुठी गेला रे?"

घनश्यामनं माइक ठेवला. तिच्याजवळ जाऊन बसला.

"चाय पिऊन राह्यला, ताई. येतेच."

"मंग मले खिडकीपाशी बसू दे. डोह दिसला पाह्यजे."

घनश्याम उठला आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.